कैलास लेणं ही साडेबाराशे वर्षांपूर्वीची खदानच. खोदणाऱ्यांचं नाव मात्र कुठंच नाही

छत्रपती संभाजीनगर : राज्य सरकारने मे २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचं धोरण मंजूर केलं. लोक तिला एम-सँड म्हणतात. नदीतली वाळू संपत चालली आहे, हे पैठण, गंगापूर, वैजापूरच्या गोदाकाठच्या गावांना वेगळं सांगायला नको. म्हणून आता दगड फोडून, दळून वाळू करायची आणि सरकारी कामांत तीच वापरत जायची, असं ठरलं. एरवी दगडावर ब्रासमागे ६०० रुपये स्वामित्वधन म्हणजे रॉयल्टी लागते. एम-सँड करणाऱ्यांना ती २०० रुपयांवर आणली. नदीला जरा दम मिळेल, चांगलंच आहे. पण नदीवरचं ओझं उतरून कुठं जाणार? डोंगरावर. आणि डोंगराच्या पायथ्याला जी गावं आहेत त्यांच्यावर.

डोंगर खोदणं आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. कोळसा, सोनं, लोखंड इथं निघत नाही. निघतो तो काळा दगड, खडी, मुरूम आणि वाळू. सरकारी कागदावर याला ‘गौण खनिज’ म्हणतात. जगात जिथं मोठ्या खाणी होत्या तिथं चौकात, टेकडीवर खाणकामगाराचे पुतळे उभे आहेत. आपल्याकडे तसा पुतळा नाही. पण खोदकामाचं जगातलं एक मोठं शिल्प आपल्याच खुलताबाद तालुक्यात आहे. रोज हजारो डोळे ते बघतात, आणि तरी खोदकाम म्हणून ते बघितलं जात नाही. ते म्हणजे वेरूळचं सोळा नंबरचं लेणं, कैलास.

शिखर नाही, मागची भिंत बघा

शहरापासून तीसेक किलोमीटर. सुट्टीच्या दिवशी घृष्णेश्वराचं दर्शन करून माणसं लेणीकडे वळतात, दारातून आत शिरतात, हत्तीपाशी फोटो काढतात, शिखराकडे मान वर करतात, मंदिरात डोकं टेकवतात आणि बाहेर पडतात. मंदिर ‘बांधलंय’ असंच मनात राहतं. इथं मात्र एकही दगड दुसऱ्यावर ठेवलेला नाही. डोंगरात वरून तीन बाजूंनी चर खणले, मधे डोंगराचा एक तुकडा उभा ठेवला, आणि त्या तुकड्याचं मंदिर केलं. म्हणजे शिखर आधी, पाया शेवटी. चुकून जास्तीचा दगड उडाला तर तो परत लावायची सोय नाही.

हे समजायचं तर मंदिराकडे पाठ करून मागच्या कातळाकडे तोंड करावं. जवळपास शंभर फूट उंच सरळ भिंत आहे. तिच्यावर तिरक्या रेघा दिसतात, एकाखाली एक. त्या छिन्नीच्या आहेत. सुरुंग नव्हता, पोकलेन नव्हतं. लोखंडाची छिन्नी, घण आणि माणसाचा खांदा एवढंच. विहीर खोदलेल्या शेतकऱ्याला हे पटकन कळतं. वर मुरूम, मग मांजऱ्या, आणि त्याखाली काळा पाषाण लागला की पुढचा एकेक फूट किती महाग पडतो ते त्याने मोजलेलं असतं. इथं तो पाषाण शंभर फूट खाली नेलाय, तोही सुमारे पावणेतीनशे फूट लांब आणि दीडशे फूट रुंद जागेत.

किती दगड निघाला? अभ्यासकांचे आकडे वेगवेगळे आहेत, दीड लाख टनांपासून चार लाख टनांपर्यंत. दोन लाख टन धरले तरी आपल्या हिशेबात ते साधारण २५ हजार ब्रास घट्ट दगड होतात. पाच ब्रासच्या हायवाने पाच हजार खेपा, आणि दगड फुटल्यावर फुगतो म्हणून खेपा त्याहून जास्त. आजच्या ६०० रुपयांच्या दराने रॉयल्टी दीड कोटी. राष्ट्रकूट राजाला तहसीलची नोटीस आली नाही एवढंच.

हा माल गेला कुठं, हाही प्रश्न आहे. डोंगराच्या पोटातून निघालेला चुरा कुणीतरी टोपल्यांनी वाहून नेला. छिन्नी मारणाऱ्याइतकीच, कदाचित त्याहून जास्त माणसं या वाहतुकीला लागली असणार. खदानीत काम केलेल्या कुणालाही विचारा, फोडण्यापेक्षा उपसणं जास्त जीव खातं.

सोयगाव तालुक्यातल्या अजिंठ्यातही हे दिसतं. तिथलं चोवीस नंबरचं लेणं अर्धवट राहिलेलं आहे, म्हणून बहुतेक जण ते वगळून पुढं जातात. खरं तर काम कसं चालायचं ते तिथंच उघडं पडतं. कुठं नुसता ओबडधोबड कातळ, कुठं खांबाचा आकार निघू लागलेला. पूर्ण झालेल्या लेण्यात मजूर लपतो, अर्धवट लेण्यात तो सापडतो.

राजाचं नाव राहिलं, गवंड्याचं नाही

कैलास कुणी खोदलं? उत्तर ठरलेलं आहे : राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, राज्यकाळ इ. स. ७५६ ते ७७३. पूर्ण काम एकाच राजाच्या हयातीत झालं की पुढच्यांनीही हात लावला, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. राजाचं नाव आपल्याला कळतं ते त्याच्या वंशजांच्या एका ताम्रपटामुळे. गुजरातेतल्या राष्ट्रकूट शाखेच्या कर्क राजाचा हा बडोद्याचा ताम्रपट इ. स. ८१२ च्या सुमाराचा आहे. त्यात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या देवळाचं कौतुक आहे, आणि ते करणारा कारागीरच आपलं काम बघून थक्क झाला, हे माझ्या हातून झालं तरी कसं असं त्याला वाटलं, असं वर्णन आहे. बघा, कारागिराचं आश्चर्य लिहून ठेवलं. त्याचं नाव लिहायचं राहिलं.

अजिंठ्यातही तेच. सोळा नंबरच्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे, सव्वीस नंबरला बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचा. पैसा देणाऱ्याचं नाव दगडात आहे, दगड फोडणाऱ्याचं नाही. आजच्या सभामंडपावरच्या पाट्या आठवा, आमदार निधी, खासदार निधी, सरपंच, उपसरपंच. मिस्त्रीचं नाव शोधून दाखवा.

लोकांच्या गोष्टीत मात्र एक नाव टिकलं. कृष्ण याज्ञवल्की यांच्या ‘कथाकल्पतरू’ या जुन्या मराठी ग्रंथात कथा आहे. राजा आजारी पडतो, राणी नवस बोलते की राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. एवढ्या लवकर शिखर दाखवणार कोण? पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढं येतो आणि वरून खाली खोदायला लागतो, त्यामुळे शिखर आठवड्यात दिसतं. आठवड्याची गोष्ट अर्थातच गोष्ट आहे. पण खोदकाम वरून खाली झालं हे खरं तंत्र तिच्यात आहे, आणि कारागीर आपल्या पैठणचा आहे. वेरूळचं दहा नंबरचं बौद्ध लेणंही लोकांनी ‘विश्वकर्मा’ किंवा ‘सुतार की झोपडी’ म्हणूनच ओळखलं. आत बसलेली मूर्ती बुद्धाची, पण लाकडी घरासारखं कोरलेलं छत बघून लोकांनी लेणं कारागिराच्या नावावर करून टाकलं. राजांनी जे केलं नाही ते येणाऱ्या-जाणाऱ्यांनी केलं म्हणायचं.

इंग्लंडच्या शेजारच्या वेल्समध्ये सिक्स बेल्स नावाचं खाणीचं गाव आहे. २८ जून १९६० रोजी तिथल्या कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ४५ कामगार गेले. पन्नास वर्षांनी, २०१० मध्ये, खाण बंद होऊन गेलेल्या त्याच जागेवर गावाने ‘गार्डियन’ नावाचा खाणकामगाराचा पुतळा उभा केला. वीस मीटर उंच, पोलादाच्या हजारो पट्ट्या जोडून केलेला, दोन्ही हात पसरलेला. लोक लांबून तो बघायला येतात, पण गावातली माणसं खाली बघतात, कारण पायथ्याशी त्या ४५ जणांची नावं आहेत. आजोबांचं नाव बोटाने दाखवता येतं.

आजचे खोदणारे

वेरूळच्या भिंतीवरच्या रेघा ज्यांच्या हातांनी ओढल्या त्यांचे वंशज कोण, हे कुणी सांगू शकत नाही. पण तो हुन्नर आपल्या भागात कुणाकडे राहिला ते सगळ्यांना माहीत आहे. वडार, बेलदार, पाथरवट. गावोगावच्या विहिरी, तळी, बांध, देवळांचे चौथरे, बुरूज आणि धरणांचा दगड यांच्याच हातचा. पाथरवटाने घडवलेलं जातं, पाटा-वरवंटा अजून जुन्या घरात आहे. मिक्सर आला आणि ‘टाकी लावून घ्या’ची हाळी बंद पडली. खदानीत पोकलेन आणि ब्रेकर आला, तशी घणाची मजुरी गेली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडला त्यांच्यातले फार थोडे क्रशरचे मालक झाले. बरेचसे त्याच क्रशरवर रोजाने आहेत, पालं टाकून.

सरकारच्या यादीत वडार समाज विमुक्त जातींत आहे. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात या समाजासाठी पैलवान कै. मारुती चव्हाण वडार आर्थिक विकास महामंडळ जाहीर झालं. पारंपरिक दगडकाम करणाऱ्यांना ठरावीक मर्यादेपर्यंत रॉयल्टीची सवलतही आहे. पण सवलत मिळते ती ज्याच्याकडे जागा, परवाना आणि जातीचा दाखला आहे त्याला. जो आज या खदानीवर आणि उद्या त्या खदानीवर आहे, त्याच्याकडे कधीकधी रेशनकार्डसुद्धा दुसऱ्या जिल्ह्याचं असतं.

कायदा काय म्हणतो ते जरा नीट समजून घ्यायला हवं, कारण इथंच सगळ्यात जास्त गोंधळ आहे. दगडाची खदान म्हणजे ‘खाण’ नव्हे, असा सर्रास समज आहे. तो चूक आहे. खड्डा सहा मीटरपेक्षा खोल नाही, कामाला पन्नासपेक्षा जास्त माणसं नाहीत आणि सुरुंग लावत नाहीत, या तिन्ही गोष्टी असतील तरच १९५२ च्या खाण कायद्यातून बरीचशी सूट मिळत होती. यातलं एक जरी बिघडलं, म्हणजे नुसता सुरुंग जरी लागला, तरी तो खाणकामगार ठरत होता. हजेरी, सुरक्षेची साधनं, अपघाताची नोंद, तपासणी सगळं लागू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात खाण कायदाही सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत आला. कायद्याचं नाव बदललं, पण प्रश्न तोच आहे : ज्याचं नाव हजेरीपत्रकावरच नाही, त्याला कुठला कायदा लागू करणार?

धुळीचं म्हणाल तर आपल्या काळ्या दगडात राजस्थानच्या वाळूच्या दगडाइतकी सिलिका नसते, म्हणून सिलिकोसिसचा धोका तिकडच्यापेक्षा कमी. पण धूळ ती धूळच. छाती भरते, दमा वाढतो, क्रशरलगतच्या कपाशीचं पान पांढरं पडतं. राजस्थानने २०१९ मध्ये धुळीने फुप्फुस गेलेल्या कामगारांसाठी वेगळं धोरण केलं. आजार प्रमाणित झाला की ३ लाख रुपये, मृत्यू झाला तर कुटुंबाला आणखी २ लाख. तिथं हे आपोआप झालं नाही. आधी आजारी माणसं मोजली गेली, मग धोरण आलं.

गावाचा हिस्सा कुठं आहे?

गावातून गेलेल्या प्रत्येक ब्रासमागे सरकारला रॉयल्टी मिळते, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. तिच्यावर आणखी काही टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठान नावाच्या निधीत जमा होते, हे फार थोड्यांना माहीत असतं. २०१५ मध्ये केंद्राने खाण कायद्यात बदल करून हा निधी आणला. हेतू सरळ होता. खाणीचा त्रास ज्यांना, त्यातला थोडा पैसा त्यांना. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार या निधीतला किमान ७० टक्के पैसा पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, महिला-बालकल्याण अशा निकडीच्या गोष्टींवर जायला हवा. खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचा भाग थेट बाधित, २५ किलोमीटरपर्यंतचा अप्रत्यक्ष बाधित धरला जातो. बाधित गावं आणि कुटुंबं ठरवताना ग्रामसभेला विचारात घेणंही त्यात अपेक्षित आहे.

चंद्रपूर, नागपूरसारख्या कोळशाच्या जिल्ह्यांत या निधीचं नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, कारण रक्कम मोठी. आपल्याकडे दगड-मुरुमाचाच निधी, म्हणून रक्कम लहान. पण लहान आहे म्हणून तो गावाचा नाही असं होत नाही. क्रशरच्या आवाजात वर्ग चालणाऱ्या जिल्हा परिषद शाळेला खिडक्यांच्या काचा बसवायला कोट्यवधी लागत नाहीत.

मागायचं कसं? ‘खदान बंद करा’ एवढा ठराव करून भागत नाही. असे ठराव फायलीत पडून राहतात. आधी तलाठ्याकडून खदानीचा गट नंबर आणि सातबारा काढायचा. बऱ्याच खदानी गायरानावर, सरकारी जमिनीवर असतात. तिथं पट्टा कुणाला, किती वर्षांसाठी, किती ब्रासचा, हे तहसील आणि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे लेखी असतं. मग ग्रामसभेत ठराव : बाधित म्हणून आमच्या गावाची नोंद आहे का, नसेल तर करा, आणि आमची ही दोन कामं या निधीतून घ्या. कामं दोनच लिहावीत. वीस लिहिली की एकही होत नाही. गावातून भरलेले हायवा जातात त्यांच्याकडे ऑनलाइन वाहतूक पास असावा लागतो, त्यावर गाडीचा नंबर, खदानीचं ठिकाण आणि किती ब्रास ते असतं. पासावर तीन ब्रास आणि फाळक्याच्या वर ढीग, हे डोळ्यांनाच दिसतं. बेकायदा उत्खननाला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ (७) प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. पण वाहन अडवायला स्वतः रस्त्यात उभं राहू नये. फोटो, वेळ, नंबर तहसीलला लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. वाळूच्या गाड्यांसमोर उभं राहण्याचं काय होतं ते गोदाकाठाला माहीत आहे.

वेरूळ-अजिंठ्यासारख्या संरक्षित स्मारकांना एक कवच आहे. भोवतालच्या १०० मीटरमध्ये खोदकाम, बांधकाम मनाई, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय नाही. १९८३ पासून ही लेणी जागतिक वारसा यादीत आहेत. गावाच्या डोंगराला असं कुठलंही कवच नाही. त्याची राखण ग्रामसभेच्या कागदावरच.

मग आपल्याकडेही दगडफोड्याचा पुतळा उभा करायचा का? मागणी झाली तर गैर नाही. शहरात पुतळे कमी नाहीत, त्यात घण उचललेला एखादा शोभेलही. पण पुतळ्याचं टेंडर निघेल, काँक्रीटचा चौथरा होईल, त्याला खडी लागेल, आणि खडी फोडणाऱ्याचं नाव पुन्हा कोनशिलेवर नसेल. त्यापेक्षा स्वस्त आणि खरं काम कैलासाच्या त्या मागच्या भिंतीपाशी होऊ शकतं. पुरातत्त्व खात्याने तिथं मराठीत एक मोठा फलक लावावा : खोदकाम कसं झालं, कुठल्या हत्याराची कुठली खूण, किती दगड निघाला. शेजारी छिन्नी, घण, पाचर, टोपली ठेवावी. आणि वर्षातून काही दिवस जिल्ह्यातल्या पाथरवटांना, वडारांना तिथं दगड घडवून दाखवायला मानधन देऊन बोलवावं. शाळेच्या सहलीतल्या पोरांनी एकदा घण उचलून बघितला, तरी भिंतीवरच्या रेघा त्यांना वेगळ्या दिसतील.

सहल काढणाऱ्या शिक्षकांसाठी : वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. कैलासाच्या बाजूने डोंगरावर चढणारी वाट खुली असेल तर वरून जरूर दाखवा, कारण तो खड्डा किती मोठा आहे ते फक्त तिथूनच कळतं. कठड्यापासून पोरांना लांब ठेवा.

गावाजवळच्या बंद खदानीपासूनही. पावसाळ्यात त्या भरतात, पाणी निळंशार दिसतं, कडा सरळ तुटलेली असते आणि पोहायला गेलेल्या पोरांच्या बातम्या दरवर्षी येतात. काम संपल्यावर त्या खड्ड्याला कुंपण घालणं ही पट्टेदाराची जबाबदारी आहे. आपल्या गावच्या खड्ड्याला ते आहे का, आणि पट्टेदार कोण होता, हे याच ग्रामसभेत विचारता येईल.